तीनशे अठरा नंबरचं झाड

"अगं, ऐकलंस का? आपलं झाड पहिलं आलं!" मीटरकाका दारातूनच ओरडले. एक बूट निघाला होता, दुसरा अजून पायातच होता.

काकू बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांनी मान वळवून विचारलं, "आपलं झाड? आपलं कुठलं?"

"तीनशे अठरा नंबर! दातांच्या दवाखान्यासमोरचं. सगळ्या शहरात मिळून एकेचाळीस हजार झाडं, त्यात पहिलं! आणि ते मोजलं कोणी? या पठ्ठ्यानं!"

काकूंना एकदम ठसका लागला. तो काही केल्या थांबेना, तेव्हा काका एका पायात बूट घालूनच पाण्याचा पेला घेऊन धावले.

"दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी आहे ते?" काकूंनी डोळे पुसत विचारलं. "गोल शेंड्याचं?"

"तेच, तेच! पाहिलंयस तू?"

"पाहिलंय," काकू म्हणाल्या. "बरं झालं हो." आणि झारी उचलून त्या पुन्हा कुंड्यांकडे वळल्या. बायकोला फार आनंद झाला की तिला बोलायला सुचत नाही, असा काकांनी याचा अर्थ लावला. पुढं ही सगळी हकिकत ते स्वतःच लोकांना रंगवून सांगू लागले, तेव्हा नेमके इथं थांबायचे आणि म्हणायचे, "पंचवीस वर्षं संसार केला, पण बायकोचा ठसका काही मला वाचता आला नाही."

वाचायचं म्हटलं तर काकांना एकच गोष्ट वाचता यायची, ती म्हणजे पाण्याचा मीटर. पाणीपुरवठा विभागात ते सत्तावीस वर्षं तेच करत होते. फाटक उघडायचं, जमिनीतलं झाकण उचलायचं, आकडा टिपायचा, झाकण लावायचं, पुढचं फाटक. त्यामुळं मान कायम खाली. वर्षानुवर्षं ज्या घरात जायचं त्याला वरचा मजला आहे की नाही, असं कोणी विचारलं तर काका गडबडायचे. रस्त्यात ओळखीचं कोणी भेटलं की आधी त्यांना त्याची चप्पल ओळखू यायची, आणि मग जरा वेळानं माणूस.

अशा माणसाच्या गळ्यात झाडं पडली ती वरच्या हुकमानं. शहरातली सगळी झाडं मोजायची होती आणि बाग खात्याकडे माणसं नव्हती. मीटरवाले नाहीतरी घरोघर जातातच, तर त्यांनीच जाता जाता झाडंही उरकून टाकावीत, असं कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं. प्रत्येकाला एक मोजपट्टी, पिशवीभर पत्र्याचे बिल्ले, तारेचं वेटोळं आणि अकरा प्रश्नांचा छापील तक्ता मिळाला. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजायचा, बिल्ला बांधायचा, तक्ता भरायचा. बाकीच्या मीटरवाल्यांनी कपाळाला हात लावला. काकांनी मात्र आपण होऊन मोठा भाग मागून घेतला.

त्याला कारण होतं. गेल्या वर्षी काकू आठ दिवस बहिणीकडे गेल्या आणि बाल्कनी काकांवर सोपवून गेल्या. काकांनी अगदी जबाबदारीनं काम केलं. मापाचं भांडं घेतलं आणि दर कुंडीला सकाळी एक लिटर, संध्याकाळी एक लिटर, कुणावर अन्याय नको. निवडुंग तिसऱ्या दिवशी कुजला. टोमॅटोचं रोप पाचव्या दिवशी पिवळं पडून आडवं झालं आणि नाहीसं झालं, पण त्याला आधाराला लावलेली वेताची काठी तेवढी ताठ उभी होती. काका पुढचे तीन दिवस त्या काठीला पाणी घालत राहिले. काकू परत आल्या, तेव्हा वर म्हणाले, "याला पानं नाही आली अजून, पण तग धरून आहे."

काकू रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या कुंडीपाशी बसून काठीकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, जिवंत काय आणि मेलेलं काय, एवढंही कळू नये का माणसाला?"

हे काकांना लागलं. तेव्हापासून कुंड्यांना हात लावायची त्यांना बंदी होती, आणि त्यांच्या मनात एकच होतं. एकदा तरी बायकोनं म्हणावं, की यांना झाडातलं कळतं बरं का.

तर ते तीनशे अठरा नंबर. काका दवाखान्यासमोर पोचले तेव्हा ऊन रणरणत होतं आणि ते त्या दिवसातलं बावन्नावं झाड होतं. फुटपाथवर गोल आळं, आळ्यात पांढरे गोटे, मधोमध बुंधा. काकांनी पट्टी गुंडाळली. घेर एकसष्ट सेंटिमीटर. बिल्ला बांधला आणि खिडकीतून डोकावून काउंटरवरच्या ताईंना विचारलं, "ताई, हे झाड किती वर्षांचं?"

"सहा वर्षं झाली की. डॉक्टरांनीच लावलंय."

"कीड वगैरे?"

"छे! याला कसली लागतेय कीड!"

"पानं गळतात?"

"एक नाही गळत. आधी दुसरं होतं इथं, त्याचा काय कचरा व्हायचा! पेशंट घसरून पडायचे. ते वाळलं, मग हे लावलं."

"पाणी किती घालता?"

"याला पाणी लागतच नाही. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसून घेतो, बास."

काकांचं पेन थांबलं. पुसून घेतात! एकेक पान! त्यांना अगदी भरून आलं. "नाव काय हो झाडाचं?" त्यांनी मऊ आवाजात विचारलं.

"खोक्यावर काहीतरी लिहिलं होतं बाई. आता नाही आठवत."

हल्ली झाडं खोक्यातून येत असतील, असं म्हणून काकांनी नावाच्या रकान्यात 'शोभेचे' लिहिलं आणि शेवटच्या रकान्यात जरा बारीक अक्षर काढून भर घातली : 'मालक झाडाची पोटच्या पोरासारखी काळजी घेतात.' ताईंनी एक शब्द खोटा सांगितला नाही आणि काकांनी एक शब्द खोटा लिहिला नाही. फक्त तेवढं एकदा वर बघायचं राहून गेलं.

तक्ते बाग खात्यात गेले. त्या वर्षी पाण्याची बोंब होती. बाग खात्याच्या मॅडम रोज सकाळी वाळलेल्या झाडांच्या तक्रारी ऐकून कावल्या होत्या. अशात त्यांच्यासमोर एक झाड आलं, ज्याला पाणी लागत नाही, कीड लागत नाही, आणि जे सहा वर्षांत एक पान गाळत नाही. मॅडम खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या म्हणे. त्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं की हे शहराचं आदर्श झाड. डॉक्टरांना मानपत्र, आणि ते झाड शोधून काढणाऱ्या कर्मचाऱ्याला 'वृक्षमित्र' असा किताब.

"काका, खात्याचं नाक वर केलंत!" पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी काकांची पाठ थोपटली. "बाग खात्याच्या माणसांना जे जन्मात दिसलं नाही, ते आपल्या माणसाला दिसलं."

झालं. काका हवेत. मेव्हण्याला फोन, चुलतबहिणीला फोन, जुन्या शेजाऱ्यांना फोन. मान अजून खालीच असायची, पण चालण्यात ऐट आली. शेजारच्या वहिनींना ते विचारल्याशिवाय सांगू लागले, "पाणी कमी घाला. झाडाला लाडावून ठेवू नये." ग्रंथालयातून मुळांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि रोज जेवताना त्यातलं काकूंना ऐकवायला सुरुवात केली. सकाळी उठून बाल्कनीत जायचे आणि बंदी होती म्हणून पाणी न घालता नुसतंच मातीत बोट खुपसून बघायचे. "आत ओल आहे गं अजून," ते आतल्या खोलीकडे बघून सांगायचे. "लिंबाला आज नको, गुलाबाला हवंय."

काकू कधीकधी म्हणायच्या, "अहो, एक सांगू का?"

"बोल ना."

"काही नाही," काकू म्हणायच्या. "मुळांचं काय सांगत होतात?"

कार्यक्रम सोमवारी ठरला. शुक्रवारी मॅडमचा फोन आला. "वृक्षमित्र, एक काम करा. त्या झाडाच्या तीन फांद्या आणून द्या. आपण कलमं करू, दोनशे रोपं तयार करू. शहरभर हेच लावू!"

शनिवारी सकाळी काका काकूंची छाटणीची कात्री घेऊन गेले. हाताला लागेल अशी एक फांदी धरली आणि कात्री दाबली. फांदी कापेना. जोर केला, तर आत तार लागली. कुणी मेल्यानं झाडात तार घातली, म्हणून काका चरफडले. निदान एखादं पान तरी न्यावं म्हणून त्यांनी एक पान ओढलं. टक्!

पान हातात आलं. देठाच्या जागी छोटीशी खुंटी होती. मागं बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'मोठे, १२'. काकांनी इकडंतिकडं बघितलं आणि पान परत जागेवर दाबलं. टक्. बसलं. पुन्हा ओढलं, पुन्हा निघालं. हे झाड पान गाळत तर नव्हतंच, गळलेलं परतसुद्धा घेत होतं.

मग काकांनी मान वर केली. सगळी पानं एका मापाची, एका साच्यातली. उन्हाकडच्या बाजूची पार निळी पडलेली. खाली गोट्यांत बोट घातलं तर चार बोल्ट लागले. काका तिथंच दवाखान्याच्या पायरीवर बसले. मॅडम काय म्हणतील, साहेब काय म्हणतील, हे त्यांच्या मनात आलंच नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त ती वेताची काठी आली. आता बायकोला काय तोंड दाखवायचं?

आत डॉक्टर एका पेशंटच्या दाढेशी झटत होते. "डॉक्टर, ते झाड प्लास्टिकचं आहे!" काका दारातून म्हणाले.

"प्लास्टिक म्हणू नका हो," डॉक्टर मान न वळवता म्हणाले. "चांगल्या प्रतीचं आहे. दहा वर्षांची हमी आहे त्याची."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही पट्टी लावून घेर मोजलात, आता माणसाला एवढं कळत असेल की नाही! मला वाटलं, खोट्या झाडांचा वेगळा गट असेल, त्यात आलं असेल पहिलं." डॉक्टरांनी आता मात्र काकांचा चेहरा बघितला आणि हातातलं हत्यार ठेवलं. "अहो, असं तोंड पाडू नका. मी दिवसभर लोकांना खोटे दात बसवतो. ते हसले की छानच दिसतात."

खुर्चीतला पेशंट तोंडात नळी असताना हसला आणि त्याला ठसका लागला. या झाडावरून काकांसमोर ठसका लागलेला हा दुसरा माणूस होता.

"डॉक्टर, सोमवारच्या आत काढून टाका ते," काका हात जोडून म्हणाले. "झाडच नाही तर कार्यक्रम कसला? वाळवी लागली, वाऱ्यानं पडलं, काहीही सांगतो मी."

डॉक्टर माणूस भला. पेशंटला चूळ भरायला लावून ते पाना घेऊन खाली आले. पहिला बोल्ट सुटला, दुसरा अर्धा सुटला, आणि समोरच्या घरातून आवाज आला, "खबरदार! कोण हात लावतंय त्याला?"

समोर निवृत्त हेडबाई राहायच्या. वय ऐंशीच्या पुढं, हातात काठी, आणि आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्या रस्ता ओलांडून आल्या, काठी काकांच्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी बुंध्याला मिठी मारली.

"रोज सकाळी दहा मिनिटं मी या झाडाखाली उभी राहते. दीर्घ श्वास घेते. माझा दमा गेला या झाडानं, दमा! आधी मला तोडा, मग याला."

"बाई, आम्ही जरा माती मोकळी करत होतो," डॉक्टर पाना खिशात सारत म्हणाले.

"पान्यानं?"

माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, आदर्श झाड तोडतायत. कुणीतरी दवाखाना वाढवायचा असेल म्हणालं. हेडबाईंनी एका हातानं झाड धरून दुसऱ्या हातानं मॅडमना फोन लावला. मॅडमनी विचारलं, "आमचे वृक्षमित्र आहेत का तिथं? आहेत? मग काळजी नको. सोमवारपर्यंत त्यांनाच राखणीला बसवा." ज्याला झाड पळवायचं होतं त्याच्याकडेच झाडाची राखण आली. कलमांचं काय झालं, असंही मॅडमनी विचारलं. काकांच्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, फांदी कापवत नाही हो." तिकडं मॅडमचा आवाज जड झाला, आणि कार्यक्रमाच्या पत्रिकेत एक ओळ वाढली : 'ज्यांच्या हातून फांदीही कापवली नाही असे वृक्षमित्र.'

शनिवार-रविवार दिवसभर काका दवाखान्याच्या वेटिंगमधली खुर्ची टाकून झाडापाशी बसले. येणारे-जाणारे थांबून बघायचे. कुणी बाटलीतलं पाणी ओतायचं, कुणी झाडाला टेकून फोटो काढून घ्यायचं. एक बाई झाडाजवळ येऊन डोळे मिटून म्हणाल्या, "किती गार वाटतंय ना?" काका म्हणाले, "वाटतंय." रविवारी दुपारी एक चिमणी आली. तिनं फांदीवर बसून एक पान टोचलं, काकांकडे एकदा बघितलं आणि उडून गेली. तिला अकरा प्रश्न विचारावे लागले नाहीत. काकांना इतकी लाज दुसऱ्या कुणासमोर वाटली नव्हती.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी धीर केला. "अगं, ते झाड आहे ना..."

"हं?" काकू हातातलं काम टाकून समोर येऊन बसल्या. "सांगा ना."

काका त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. "फार उंच आहे गं," ते म्हणाले.

"उद्या मी येतेय बघायला."

"तू कशाला? ऊन असतं तिथं."

"झाडाची सावली असेलच की," काकू म्हणाल्या आणि उठून गेल्या.

सोमवारी मांडव, माइक, पन्नास खुर्च्या. डॉक्टर नव्या कोटात. साहेब पहिल्या रांगेत. हेडबाई झाडाच्या अगदी बुडाशी, कोणी पुन्हा माती मोकळी करू नये म्हणून. आदर्श झाडाच्या साक्षीनं नवी लागवड करायची म्हणून बाग खात्याच्या टेंपोतून पाच रोपं आली होती आणि दोन माळी कुदळ-फावडं घेऊन उभे होते. काका नव्या हिरव्या शर्टात घामानं निथळत बसले होते.

मॅडम बोलायला उठल्या. "या झाडाकडून आपण काय शिकावं? सोशिकपणा. सहा वर्षांत यानं कुणाकडे थेंबभर पाणी मागितलं नाही!" टाळ्या. "आणि हा ठेवा ज्यांच्या नजरेला दिसला, त्या वृक्षमित्रांना मी पुढं बोलावते. त्यांच्या घरून कोणी आलं असेल तर त्यांनीही यावं."

काकू उठल्या आणि येऊन थेट झाडाखाली उभ्या राहिल्या. काकांनी दुरूनच बघितलं, तर काकूंनी मान वर केली होती. त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि त्यांचा हात पानाकडे जायला लागला. आता बोटं पानाला लागणार. बायकोला काठी दुसऱ्यांदा सापडणार, तीही पन्नास माणसांसमोर आणि तिच्या तिलाच. काकांना तेवढं सोसवेना. तिला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेलं बरं, एवढंच त्यांना सुचलं. त्यांनी मॅडमच्या हातातून माइक ओढून घेतला.

"थांबा! ते झाड खोटं आहे. प्लास्टिकचं आहे." माइक किंचाळला. "मीच मोजलं, मीच बिल्ला बांधला. मान वर करून बघितलं नाही. आणि शनिवारी कळलं, तरी दोन दिवस गप्प बसलो, ते आणखी वाईट. मला जिवंत आणि मेलेलं ओळखता येत नाही, असं माझी बायको गेल्या वर्षी म्हणाली होती. तिचं बरोबर आहे. उलट कमीच म्हणाली ती."

काकांनी पुढं होऊन एक पान ओढलं. टक्. परत बसवलं. टक्. तो आवाज माइकमधून सगळ्या गल्लीला ऐकू गेला.

"मग माझा दमा?" हेडबाईंनी विचारलं.

"दमा गेला ना तुमचा?" डॉक्टर म्हणाले.

"गेला."

"मग जाऊ दे की. रोज सकाळी उठून रस्ता ओलांडता, उभं राहता, श्वास घेता, त्यानं गेला असेल."

हेडबाईंनी झाडाकडे एकदा बघितलं, हात झटकले आणि दोन पावलं बाजूला झाल्या. साहेब तेवढ्या वेळात पहिल्या रांगेतून चौथ्या रांगेत गेले होते. मॅडम खाली बसून काकांचा तक्ता पहिल्यापासून वाचत होत्या.

"पाणी लागत नाही... पुसून घेतात..." त्या पुटपुटल्या. "अहो, यातलं तर सगळं खरं आहे!"

"हो मॅडम. एक ओळ खोटी नाही."

मॅडमना हसू आवरेना. आधी त्यांनी फाईल तोंडावर धरली, मग फाईलच हलायला लागली. "मीसुद्धा इथं येऊन वर बघितलं नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "भाषण लिहीत होते. पण तुम्हाला सोडणार नाही मी. ही पाच रोपं आता तुमच्या नावावर. तीन वर्षं जगवायची. दर महिन्याला येईन आणि पानाला हात लावून बघेन. काय?"

"हो मॅडम."

"काढा रे ते झाड, आणि तिथंच पहिला खड्डा घ्या."

डॉक्टरांनी पाना काढून दिला. झाड आडवं होऊन टेंपोत गेलं. माळ्यानं कुदळ उचलली, तसे काका ओरडले, "अरे, थांब! तिथं नको! खाली पाइप आहे." ते गुडघ्यांवर बसले. "मोठा पाइप इथून असा जातो. दवाखान्याचं कनेक्शन इथं फुटतं. हेडबाईंचं तिकडून. आधीचं झाड म्हणूनच वाळलं असणार, मुळांना खाली जागाच नव्हती." त्यांनी खडू मागून घेतला आणि रांगत रांगत फुटपाथवर पाच गोल काढले. "इथं खोदा. इथं चार फूट मोकळी माती आहे."

माळ्यांनी खोदलं. काळी, भुसभुशीत माती वर आली. कुठं पाइप लागला नाही. मॅडम खाली वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे तक्त्यात विचारायला हवं होतं आम्ही."

"यांच्याखाली उभं राहता यायला किती वर्षं लागतील?" हेडबाईंनी गुडघाभर रोपाकडे काठी रोखून विचारलं.

"दहा-बारा तरी," मॅडम म्हणाल्या.

"असं होय," हेडबाई म्हणाल्या. "मग मी खुर्ची घेऊन येते."

माणसं पांगली. काका पहिल्या खड्ड्याच्या कडेला हातानं माती सारखी करत बसले होते. वर बघायची त्यांना हिंमत होत नव्हती. शेजारी ओळखीच्या चपला येऊन उभ्या राहिल्या.

"रागावलीस?" काकांनी चपलांना विचारलं.

"कशाला?" काकू त्यांच्याजवळ खाली बसल्या. "मला दोन वर्षांपासून माहीत आहे. दाढ काढायला आले होते ना इथं, तेव्हा ती ताई फडक्यानं पानं पुसत होती."

काकांचे हात थांबले. "म्हणजे मी दारातून ओरडत आलो तेव्हा..."

"मग ठसका कशानं लागला मला?"

"अगं, मग सांगायचं नाहीस का? केवढी फजिती झाली माझी!"

"सांगणारच होते. रोज सांगणार होते. कागद कुठंतरी फायलीत पडून राहील, असं वाटलं मला; मानपत्र आणि मांडव होईल हे काय ठाऊक! आणि सांगायला तोंड उघडलं की तुम्ही मुळांचं काहीतरी सुरू करायचात. लिंबात बोट घालून बसायचात." काकूंनी रोपाची पिशवी जवळ ओढली. "अहो, पंचवीस वर्षांत तुम्ही मला मीटरचे आकडे सोडून दुसरं काही सांगितलं होतंत का? मला फार बरं वाटत होतं. मोडवेना ते माझ्यानं."

काकांनी उगाच एक ढेकूळ उचलून फोडलं.

"पण मग आत्ता?" ते एकदम म्हणाले. "आत्ता तर तू पानाला हात लावायला निघाली होतीस! म्हणून तर मी बोललो. म्हटलं, आता सगळ्यांसमोर तुझ्या हाताला कळणार..."

"हात लावायला नाही हो. धूळ बसली होती पानांवर. तुमचा फोटो काढणार होते ना, त्यात वाईट दिसली असती. म्हणून रुमालानं पुसून घेत होते."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे तू काही बोलणारच नव्हतीस?"

"मी कशाला बोलतेय? टाळ्या वाजवून घरी गेले असते."

"म्हणजे मी उगाचच..."

"हो," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि हसूही येत होतं. "उगाचच. कोणी विचारलंसुद्धा नव्हतं तुम्हाला." त्यांनी पहिलं रोप पिशवीतून अलगद सोडवलं, मुळांभोवतीची माती न सांडता, आणि ते काकांच्या दोन्ही हातांवर ठेवलं. "धरा. दाबू नका, जीव आहे त्यात. मी पाणी आणते."